मंगळवारची मावशी

आमच्या वाचनालयात दाराजवळच्या टेबलावर एक जाड वही असते. पुस्तक परत करताना त्यात आपलं मत लिहायचं, पण चार ओळींत, अशी ग्रंथपाल बाईंची अट आहे. बरेच जण ‘छान’, ‘वेळ बरा गेला’ असं काहीतरी खरडून सटकतात. मी चारही ओळी भरते. गेल्या महिन्यात मी दोन पुस्तकांवर लिहिलं. पहिली रहस्यकथा होती. दीपगृहावर वादळात सहा पाहुणे अडकतात आणि त्यातला एक सकाळी जिन्याखाली मेलेला सापडतो. मी लिहिलं, ‘लेखकाने शेवटच्या प्रकरणापर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. जिन्याला एका पानावर अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या पानावर ब्याऐंशी. तेवढं सोडलं तर जरूर वाचावं.’

दुसरं पुस्तक माझ्या वाटेचंच नव्हतं. बायकांनी दुपारी लोळत वाचावं आणि वाचता वाचता डुलकी काढावी अशातलं. त्यावर मी लिहिलं, ‘तीन जावा मिळून बेकरी चालवतात. भांडतात, रडतात, पाव भाजतात, पुन्हा गोड होतात. दोनशे बारा पानांत एकही माणूस मनापासून वाईट वागत नाही, हे पटलं नाही. साखर जास्त.’ शेवटचे दोन शब्द लिहिताना पेन इतकं दाबलं गेलं की मागच्या पानावर उमटले. खरं तर त्या पुस्तकाने माझं काही वाकडं केलं नव्हतं. जे काही केलं होतं ते माझ्या धाकट्या बहिणीने, बेबीने.

आईची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. पूर्ण नाही गेली. मधोमध एक धूसर डाग आहे आणि कडेकडेचं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात पण नाक दिसत नाही, असं ती सांगते. चालते, फिरते, स्वतःचा चहा स्वतः करते, पण अक्षर वाचता येत नाही. आणि वाचन हेच तर तिचं सगळं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केली, तीही ड्युटीच्या मधल्या सुट्टीत पुस्तक उघडून. म्हणून आधी मी एकटीच वाचून दाखवायचे, आणि चार महिन्यांपूर्वी आम्ही दोघी बहिणींनी वार वाटून घेतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे, मंगळवार, गुरुवार, शनिवार बेबीचे. संध्याकाळी सहा ते सात. रविवारी आई रेडिओ ऐकते.

मी आईजवळच राहते. छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करते. तिथे मी आणि माझी सहकारी समोरासमोर बसतो. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचते आणि दुसरी छापील कागदावर बोट फिरवत जाते. औषधांच्या पुड्यांतली पत्रकं, परीक्षेचे पेपर, आगगाडीचं वेळापत्रक. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणून जे लिहिलंय तेच वाचायचं. बावीस वर्षं मी असंच वाचतेय. आईसाठी कादंबरी आणली की आधी शेवटपर्यंत वाचून काढते, कुठे थांबायचं आणि कुठे दम घ्यायचा ते ठरवते आणि मगच तिच्यासमोर बसते. आई दर वेळी खुनी चुकीचा ओळखते. बहुतेक वेळा तिचा संशय माळ्यावर असतो, पुस्तकात माळी नसला तर ड्रायव्हरवर. शेवटी खरं नाव आलं की ती म्हणते, अगं बाई, मला वाटलंसुद्धा नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी आठवडा काढत असे.

बेबीचं सलून आहे. दिवसभर केस कापायचे आणि गप्पा मारायच्या. पुस्तक ती शाळा सुटल्यावर पहिल्यांदा हातात धरतेय. ग्रंथपाल बाईंना म्हणाली, काहीतरी हलकंफुलकं द्या, तर त्यांनी ही तीन जावांची बेकरी दिली. मला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. पण पहिल्याच मंगळवारी मी स्वयंपाकघरात कपड्यांना इस्त्री करत होते आणि आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. साधंसुधं हसणं नव्हे. खोकला येईपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी इस्त्री तशीच धरून उभी राहिले आणि उशीचा अभ्रा भाजला.

मग ते रोजचं झालं. रोजचं म्हणजे तिच्या वारांचं. आई जेवताना सांगायची, अगं, त्या बेकरीतली मावशी म्हणजे नुसती इरसाल आहे. पिठाच्या काट्यावर चढून स्वतःचं वजन करायला गेली आणि काटाच मोडला. गिऱ्हाईक चिडलं तर त्याला म्हणते कशी, हा काटा पहिल्यापासून खोटाच होता, म्हणून तर तुम्हाला इतकी वर्षं जास्त पाव मिळाला. एवढं सांगून आई पुन्हा हसली. मी म्हटलं, हो का, आणि भाजी वाढली.

माझा जळफळाट झाला हे मी लपवत नाही. खुनाच्या गोष्टीत हसू कसं येणार, हे मलाही कळतं. पण आई सोमवारी माझं प्रकरण ऐकून झालं की विचारायची, उद्या मंगळवार ना? आणि मंगळवारी कधी विचारलं नाही की उद्या बुधवार ना. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं म्हणतात, ते मी माझ्याच घरात बघत होते. बावीस वर्षांचं वाचन माझं, आणि कौतुक हिचं. ही ‘प्रकरण’ न म्हणता ‘एपिसोड’ म्हणते.

म्हणून मी वाचनालयातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणली. त्या मावशीत एवढं काय आहे ते बघायचं होतं. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं. पन्नास पानं झाली, मावशी आली नाही. शंभर झाली, नाही. काट्याची गोष्ट शोधली, काटा सापडला, पण तो शेवटपर्यंत धडधाकट होता. दोनशे बाराव्या पानावर तिन्ही जावांनी एकमेकींना मिठी मारली आणि पुस्तक संपलं. मी पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवत गेले. पुस्तकात मावशी नव्हतीच.

आजवर शेकडो रहस्यकथा वाचल्या. त्यांत असलेलं माणूस नाहीसं होतं. इथे नसलेलं माणूस आठवड्यातून तीनदा माझ्या आईला हसवत होतं. ती मावशी म्हणजे सलूनमधल्या दहा गिऱ्हाइकांची एक मोट होती, हे ओळखायला गुप्तहेर लागत नव्हता. मला धक्का बसला, आणि त्याहून जास्त आनंद झाला. चोर मुद्देमालासकट सापडला होता.

गुरुवारी सहा वाजता बेबी वाचायला बसली तेव्हा मी माझी प्रत घेऊन आत गेले आणि खुर्ची ओढून म्हटलं, आज मीही ऐकते. बेबीने माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिथेच मी उठायला हवं होतं. पण मी पान उघडलं आणि छापखान्यात ठेवते तसं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

ती वाचू लागली. अडखळली, सावरली. एक पान जसंच्या तसं झालं. मग आईने विचारलं, आज मावशी कुठे गेली? बेबीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मावशी आत आली आणि...’

‘कुठल्या ओळीत?’ मी विचारलं. ‘आई, या पुस्तकात मावशी नाहीये. एकाही पानावर नाही. ही मनाने सांगतेय तुला. इतके दिवस फसवतेय.’

बेबीचे कान लाल झाले. मी आईकडे पाहत होते. आईला राग येईल, ती म्हणेल, बेबी, हे काय, असं मी मनाशी शंभरदा घोळवलं होतं. आई शांतपणे शालीची घडी करत राहिली.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ‘वाचताना माणसाचा आवाज एका रेषेत जातो आणि सांगताना वळतो. तीस वर्षं नुसते आवाजच ऐकलेत मी.’ मग ती म्हणाली, ‘तुझा खुनीसुद्धा मला पहिल्या दिवशीच कळतो, ताई. तो आला की तू फार जपून वाचतेस.’

ताई म्हणजे मी. बेबीमुळे आईही मला ताईच म्हणते. माझ्या तोंडातून इतकंच निघालं, ‘मग माळी?’

‘तुला बरं वाटतं म्हणून.’

दोन वर्षांत मी तिला एकोणतीस पुस्तकं वाचून दाखवली. एकोणतीस वेळा ती मुद्दाम चुकली होती. करायला गेले काय आणि झालं काय. बेबीने पुस्तक मिटलं, पर्स उचलली आणि चहा न घेता गेली.

पण ती शनिवारी आली. पुढच्या मंगळवारीही आली. आली आणि छापलंय तसं वाचलं, एकही शब्द जास्त नाही की कमी नाही. माझ्या भीतीने बोटसुद्धा ठेवत होती ओळीवर. तिला वाचता येत नाही हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पूर्णविरामाला दम संपायचा, लांब वाक्यात वाट चुकायची. आई ऐकत बसायची. हसायची नाही. सव्वासहाला म्हणायची, पुरे आज. माझ्या वारांनाही रंग राहिला नाही. खुनी ओळखू येऊ नये म्हणून मी सगळ्यांना सारखंच सपाट वाचू लागले आणि आईने माळ्याचं नाव घेणं सोडून दिलं. आता तीन वार माझे, तीन तिचे आणि हसणं कुणाचंच नाही. अगदी समसमान वाटणी झाली होती.

शुक्रवारी मी पुस्तक मिटलं तेव्हा आई म्हणाली, ‘बेबीला सांग, उद्या नाही आली तरी चालेल. दिवसभर उभी असते, दमते. आणि तूही आता एखादा वार सोडलास तरी चालेल. मी रेडिओ लावीन.’ आवाज अगदी नेहमीचा होता. तीस वर्षं फोन जोडून देताना काढत असेल तसा, नम्र आणि परका. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. आई आम्हाला वाचनातून हळूच मोकळं करत होती, आणि हे हात दाखवून अवलक्षण माझं होतं.

निरोप मी बेबीला दिला नाही. शनिवारी ती सहाला आली, माझ्याशी न बोलता आत गेली. मी दाराशी उभी राहिले. ती वाचत होती, ‘गिऱ्हाईक आलं. धाकटीने पाव बांधून दिला. गिऱ्हाईक गेलं.’ आईचा हात रेडिओच्या बटणाकडे सरकला होता.

‘ओळ गाळलीस,’ मी म्हटलं.

बेबीने दचकून पानावर पाहिलं. ‘नाही गं. बोट ठेवून वाचतेय.’

‘गिऱ्हाईक गेल्यावर मावशी येते. खाली बघ नीट.’

बेबी पानाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. आईचा हात बटणावर थांबला. पुढचं मलाच म्हणावं लागलं. बावीस वर्षांत मी नसलेला शब्द कधी वाचला नव्हता. मी म्हटलं, ‘मावशी आत आली आणि म्हणाली, पाव शिळा आहे का?’

यात हसण्यासारखं काही नव्हतं. मलाच ते कळत होतं. आई हसली नाही. तिने मान तेवढी माझ्याकडे वळवली, किंचित तिरकी, कडेच्या नजरेत मी यावी म्हणून. तोंडावर गरम वाफ आल्यासारखं झालं मला.

‘हो, आहे की,’ बेबी हळूच म्हणाली. पुस्तकावरचं बोट तिने उचललं. ‘जाऊबाईंनी विचारलं, मावशी, इतके दिवस होतात कुठे? तर मावशी म्हणाली, काय सांगू बाई, दारात एक तपासनीस बसली होती. नाकावर चष्मा, हातात लाल पेन. मला म्हणे, तुमचं नाव यादीत नाही, आत सोडणार नाही. मी म्हटलं, अगं, सामानाच्या यादीत असायला मी काय अंडं आहे?’

आधी आईचे खांदे हलले. मग ती हसू लागली, खोकला येईपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पदराने डोळे पुसत तिने विचारलं, ‘आणि तपासनीस काय म्हणाली?’ विचारलं बेबीला.

ओळ मी आणली होती, दार मी उघडलं होतं, आणि हसू पुन्हा बेबीच्याच ओंजळीत पडलं होतं. त्यातही चष्मेवाली मी. तिथून निघून जावं असं फार वाटलं. पण इतकी वर्षं आईला मी एकदाही हसवलं नव्हतं आणि आता ती माझ्यावरच हसत होती. मी खुर्ची ओढून बसले आणि तपासनीस काय म्हणाली ते ऐकू लागले.