पक्क्या पानांतल्या विहिरी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे आणि स्वभावानं भारी घाबरट आहे. माझा पंखा घरघरतो, बॅटरी कधीच मेली आहे. लाईट गेली की माझा जीव जातो. जिंतूरजवळच्या एका खेड्यात, अण्णासाहेबांच्या बैठकीत माझा मुक्काम असतो.

माझी पहिली मालकीण रोहिणी, अण्णांची मुलगी. ती पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. नवा होतो तेव्हा तिच्या ऑफिसात मी मिरवलो. मग तिनं दुसरा घेतला आणि मला गावी आणून टाकलं. कपाटावर धूळ खात पडलो, तेव्हा वाटलं, आता भंगारातच जाणार.

पण अण्णा निवृत्त शिक्षक, आणि त्यांना गावातल्या विहिरींचा नाद. कुठल्या विहिरीचं नाव कसं पडलं, कुणी खोदली, पाणी गोड की मचूळ, सगळं तोंडपाठ. एका दिवाळीत रोहिणीनं माझ्यावरच त्या विहिरींची वेबसाइट बांधायला घेतली. साधी, हलकी पानं. गावाच्या रडक्या नेटवरही उघडतील अशी. पानं बांधणारं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅम, हॅस्केल नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेलं. ही भाषा मोठी कडक, चूक दिसली की पुढं पाऊल टाकू देत नाही.

"ही तर आमच्या हेडमास्तरासारखी हाय!" अण्णा हसून म्हणाले. मला मात्र त्या कडकपणाचा आधार वाटायचा.

माझ्या पोटात दोन कप्पे होते. कच्च्यात रोहिणीनं लिहिलेला मजकूर, पक्क्यात त्यावरून बांधलेली पानं. नव्यानं बांधायचा हुकूम आला की यंत्र पक्का कप्पा पुसून टाकतं आणि कच्च्यावरून सगळं पुन्हा बांधतं. रोहिणीनं हे सांगितलं होतं. पण अण्णांनी जन्मभर पोरांच्या पक्क्या वह्याच तपासलेल्या. ती पुण्याला गेल्यावर त्यांनी सरळ पक्की पानं उघडली आणि एका बोटानं त्यांतच विहिरी वाढवत गेले. सासू-सुनेची विहीर, खारी, कोतवालाचा आड. स्क्रीनवर नाव उमटलं की खूश व्हायचे. मी धास्तावून जायचो. ओरडून सांगावं तर मला तोंड कुठं?

यंदा अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण नावं निसटू लागली. रोहिणी धावत आली. अण्णांना वाचता यावं म्हणून तिनं अक्षरं मोठी केली आणि नव्यानं बांधायचा हुकूम दिला. मी तापलो. पंखा किंचाळायला लागला.

"लय तापायलंय ते. बंद कर की," अण्णा म्हणाले.

"झालंच, अण्णा."

लाईट जावी म्हणून मी देवाचा धावा केला. एरवी रोज जाते, त्या दिवशी गेली नाही. हॅस्केलनंही हूं की चूं केलं नाही; तिच्या लेखी चूक नव्हतीच.

अण्णा पान खालीवर बघत राहिले. "माज्या विहिरी कुठं गेल्या गं?"

पक्क्या पानांत कुठं लिहिल्या होत्या, ते त्यांनी बोटानं दाखवलं आणि रोहिणीचा चेहरा उतरला. तिनं कच्चा कप्पा उघडला. "तुमी सांगा अण्णा, मी लिहिते."

अण्णा अडखळत सांगत गेले. बऱ्याच विहिरी परत आल्या. मग ते थांबले. "मारुतीच्या मागची... तुजी आई तिथंच पाणी भरायची. लय गोड पाणी..." ओठ नुसते हलत राहिले. "नाव न्हाई येत गं."

रोहिणीनं त्यांचा हात धरला.

मित्रांनो, माझ्यासारख्याच्या भरवशावर माणसांच्या आठवणी सोडू नका. घरात कुणाला काही ठाऊक असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि पुसलं जाणार नाही अशा जागी लिहा.

त्या विहिरीसाठी रोहिणीनं जागा ठेवली आहे. पाणी गोड, रोहिणीची आई लीलाबाई तिथं भरायच्या, एवढंच लिहिलंय. अण्णा रोज सकाळी मला उघडतात. आता ते बरोबर कच्च्या कप्प्यातच जातात आणि त्या रिकाम्या जागेवर बोट टेकवून बसून राहतात.