हॉर्नच्या आधीचा श्वास

दुपारी बारापर्यंत मी बोलत नाही. अकरा वर्षांचं व्रत आहे. वाद्यवृंदात सगळ्यांना ठाऊक. तिथल्या स्वरलिपीच्या वह्या मी सांभाळते, आणि त्या कामाला तोंड लागत नाही.

त्या सकाळी रेकॉर्डिंगच्या खोलीत आम्ही तिघं परीक्षक होतो: संचालक, व्हायोलिनवाले काका आणि मी. गेल्या वर्षी एकच सिंफनी लागोपाठ दोन संध्याकाळी वाजली होती. त्यातली एक निवडून तिची तबकडी काढायची, दुसरी पुसून टाकायची, असा संस्थेचा नियम. कुठली कुठल्या संध्याकाळची, हे रेकॉर्डिस्ट सांगत नाही. ‘एक’ आणि ‘दोन’, बस.

“बाई बोलत नाहीत म्हणून त्यांचे कान शाबूत आहेत,” काका म्हणाले. “आमचे आमच्याच बडबडीने गेले.”

‘एक’ लागली. व्हायोलिनं वादळासारखी उसळली, ढोल गडगडले. शेवटच्या भागाआधी सगळं निवतं आणि एकटा पितळी हॉर्न उठतो. तो उठण्याआधी कुणीतरी तोंडाने श्वास घेतला, किंचित घरघरता.

माझी पेन्सिल थांबली. यांचा श्वास. सदतीस वर्षं शेजारच्या उशीवर ऐकलेला. त्या संध्याकाळी यांच्या अंगात ताप होता. दुसऱ्या दिवशी बदली माणूस बसला, आणि हे परत वाजवायला गेलेच नाहीत.

मग सूर आला आणि वरच्या टोकाला फाटला.

असं झालं की घरी आल्या आल्या, हॉर्नची पेटी खाली ठेवायच्याही आधी, हे विचारायचे, “आज फाटला. ऐकलास ना?” मी ‘ऐकला हो’ म्हटल्याशिवाय जेवायला बसत नसत. उगाच ‘छान झालं’ म्हटलेलं खपत नसे. त्या संध्याकाळी मात्र तसेच आडवे झाले. विचारायचं राहिलं.

‘दोन’मधला हॉर्न स्वच्छ होता.

“माझं एक,” काका म्हणाले. “तिच्यात जीव आहे.” ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनीही ओळखलं असावं.

“अहो काका, हॉर्न फाटलाय! लोक तबकडी शंभरदा ऐकणार. शंभरदा फाटणार तो.” संचालक माझ्याकडे वळले. “माझं दोन. बाई, आता तुमच्यावर आहे.”

‘एक’ लिहिलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. यांनी मात्र माझ्याशी आठवडाभर अबोला धरला असता. मी चिठ्ठीवर ‘दोन’ लिहिलं.

ते दोघं गेले. रेकॉर्डिस्ट ‘एक’ पुसायला वळला, तेव्हा मी आणखी एक चिठ्ठी पुढे केली: ‘हॉर्नची जागा. एकदाच.’

त्याने ती वाचली. “प्रत काढून देऊ का, काकू?”

मी मानेनेच नाही म्हटलं. फाटका सूर यांनी घरात ठेवू दिला नसता.

श्वास आला. सूर चढला, फाटला.

“ऐकला हो,” मी म्हणाले.

रेकॉर्डिस्टने चमकून घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला वीस मिनिटं होती.