बावीस टक्के

कुशाबानं गोळ्यांची पट्टी गॅलरीच्या कठड्यावरून खाली भिरकावली. ती पानवाल्याच्या पत्र्यावर पडली. शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली आणि त्याचा चेहरा पाहून परत आत गेली.

"बाबा, डोकं फिरलंय काय?" जगदीश म्हणाला. सकाळपासून तो वडिलांना घेऊन परळच्या इस्पितळात होता. अजून त्यानं पायातले बूटही काढले नव्हते.

"मला काय झालेलं नाही. काळोख्या खोलीत टीव्हीवर काहीतरी हलताना दाखवलं, आणि म्हणे हे तुमचं हृदय."

"हृदयच होतं ते. डॉक्टरीणबाईंनी माप घेऊन दाखवलं ना? पायांत पाणी साठलंय, अंगठा दाबला की खळगा राहतो, तेही दाखवलं. डावा कप्पा फुगलाय. दर ठोक्याला त्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर पडायला पाहिजे. तुमचं बावीस टक्के पडतंय."

"बावीस टक्के." कुशाबा हसला. हसता हसता धाप लागली तशी त्यानं दाराची चौकट धरली. "कोणी मोजले?"

"मशीननं."

"मशीन कोणाचं?"

जगदीश वाकून बुटाच्या नाड्या सोडू लागला. आल्या आल्या त्यानं आईला स्टोव्हपाशी गाठून हळू आवाजात सगळं सांगितलं होतं. असा आकडा असलेल्यांपैकी निम्मे लोक दोन-तीन वर्षांत जातात. तुमचे वडील कोणत्या निम्म्यात, ते मला सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या. पण औषध घेणारे जास्त टिकतात, तेव्हा गोळ्या आजच सुरू करा आणि उद्या दाखल करा.

"उद्या खाट मिळतेय," जगदीश म्हणाला. "परत मिळेल न मिळेल."

"त्या खाटेवर तूच झोप." कुशाबाचा आवाज चढला. "गिरणीच्या संपात रोज हेच चाललं होतं. रेडिओवर, पेपरात. आज बावीस टक्के कामगार कामावर हजर. अरे, मी गेटावर उभा होतो. आत चिटपाखरू जात नव्हतं, कापड विणणारा एक साचा हलत नव्हता. आकडा मात्र रोज छापून यायचा. कशाला? तर माणसं घाबरावीत म्हणून. आता ही डॉक्टरीण पोरगी तोच आकडा माझ्या छातीत घालते."

संपाला बारा-तेरा वर्षं झाली होती. गिरणी उघडली नव्हती. कुशाबा हिंदमाताला एका साड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून राखण करी. संपापासून त्यानं कोणाचाच आकडा मानला नव्हता. हवामानखात्यानं मोजलेला पाऊससुद्धा नाही.

जगदीशची आई सुभद्रा मोरीत बांगडे साफ करत होती. ती हात न धुताच बाहेर आली.

"माणसं आत जात होती," ती म्हणाली.

"कोण जात होतं?"

"मागच्या दारानं. बंद गाडीतून. आतच जेवायची, साच्यांच्या मधे झोपायची. तुम्ही पुढच्या गेटावर घोषणा देत होतात."

"तुला कोण बोललं?"

"लवूभावजी."

"लवू?" आपल्या धाकट्या भावाचं नाव ऐकून कुशाबानं हात झटकला. "लवू गावी होता. अर्धी चाळ गावी गेली होती. तिकडून तांदूळ पाठवत होता आपल्याला."

"गावचा तांदूळ उकडा असतो," सुभद्रा म्हणाली. "लाल. त्या वर्षी तुमच्या ताटात पांढरा होता. रेशनचा. भावजी शीवला सासुरवाडीला ठेवायचे, तिथून मी घेऊन यायची. दादाला कळलं तर उपाशी मरेल पण खाणार नाही, म्हणून त्यांनी मला पोरांची शपथ घातली. गेल्या साली ते गेले, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. आणि तुम्ही त्याच खोट्यावर मरायला निघालात. माझ्या डोळ्यांदेखत. त्या बावीसात तुमचा भाऊ होता."

"आई, पुरे," जगदीश म्हणाला.

"पुरे काय? इतकी वर्षं हे ऐकत बसले मी. गेटावर मी होतो, गेटावर मी होतो. गेटावरून आलं की जेवायला कोण वाढत होतं?"

कुशाबा खाटेवर बसला. बसण्याआधी त्यानं खाट चाचपली, अंधारात चाचपतात तशी. श्वासाचा आवाज खोलीभर येत होता.

"पांढरा होता," तो म्हणाला. "दिसत होतं मला."

 

त्यानं लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि दोन्ही पाय सुभद्रापुढे केले. तिनं पदराला हात पुसले. ती खाली बसली आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. गरजेपेक्षा जास्त जोरानं दाबला. अंगठा उचलला तेव्हा तिथं खळगा उरला होता. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. तो भरून यायला फार वेळ लागला.