मागची खोली

मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वसाहतीतलं आता एकच घर उरलंय, माझ्या मावशीचं. बाकीच्या घरांच्या जागी इमारती चढल्या. हे तेवढं संग्रहालय म्हणून जतन करायचं ठरलं. काका कॉलेजातले प्रसूतीचे पहिले प्राध्यापक. निम्मं गाव त्यांच्या हातांवर जन्मलं, पण मावशीची कूस काही उजवली नाही. दिव्याखाली अंधार, असं बायका तिच्यादेखत म्हणायच्या.

तेव्हा रुग्णालयात खाटा अपुऱ्या. तापाने फणफणलेले विद्यार्थी मावशीच्या मागच्या खोलीत यायचे, तिथल्या लोखंडी खाटेवर. कुणी बरळायचं, कुणी आईच्या नावाने रडायचं. एक तर तिथेच गेला, मावशीचा हात हातात धरून.

काकांच्या मागे तिला मरेपर्यंत त्या घरात राहायची मुभा होती. ती आपणहून निघाली, एकाच अटीवर: ती खाट हलवायची नाही. प्राचार्यांनी शब्द दिला. शिकत असताना तेही त्याच खाटेवर टायफॉइडने पडले होते. मावशीने चमच्याचमच्याने पाणी पाजून त्यांना माघारी आणलं होतं.

उद्घाटनाला मी तिला हाताला धरून नेलं. पुढच्या खोलीत काकांची खुर्ची, चष्मा, सगळं जिथल्या तिथे. मावशी तिथे रेंगाळली नाही. थेट मागे गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

खाट नव्हती. तिच्या जागी पाळणा टांगला होता. ताजा रंगवलेला, दोरीला गोंडे लावलेला.

प्राचार्य हळू आवाजात सांगू लागले. खाट गंजली होती, भंगारात गेली. डॉक्टर प्रसूतीचे, तेव्हा पाळणा शोभेल असं समितीचं म्हणणं पडलं. "लोकांना भरलेलं घर बघायला आवडतं, काकू."

"भरलेलंच होतं की," मावशी म्हणाली. "तू होतास ना त्यात."

प्राचार्य आपला चष्मा पुसत राहिले. फोटोवाला म्हणाला, आजी, जरा दोरी धरा. मला वाटलं, आता ही फटकारणार. तिने मुकाट्याने दोरी धरली, एक झोका दिला. पाळणा हलका, भिंतीपर्यंत जाऊन आला.

"जन्मभर मागितला," ती म्हणाली. "आला तो असा."

परतताना घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "भंगारवाला कोणता, ते विचारलंस का गं?"

विचारलं होतं मी शिपायाला. खाट कधीच भट्टीत गेली होती.

"राहून गेलं बघ," मी म्हटलं.