उजव्या बाजूचा चेंडू

टिलो ब्रेंडल सदतीस वर्षांचा होता आणि ओमानमधल्या सूर शहरातल्या फुटबॉल क्लबचा गोलकीपर होता. जर्मनीत नवव्या वर्षी त्यानं पहिल्यांदा ग्लोव्ह्ज चढवले. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सहा वर्षं, तिसऱ्यात पाच. सगळ्यात वरच्या लीगमध्ये तो एकदाच उतरला, तोही शेवटची अकरा मिनिटं, पहिला कीपर लंगडायला लागला म्हणून. त्या अकरा मिनिटांत त्याच्याकडे एकही चेंडू आला नाही. मग सायप्रस, माल्टा आणि आता ओमान. हे सगळं त्यानं मालिशच्या टेबलावर पालथं पडून बाळकृष्णला सांगितलं होतं.

बाळकृष्ण क्लबचा मालिशवाला. गुहागरकडचा, ओमानात एकोणीस वर्षं. बायको कलावती मागच्या वर्षी गेली. फोनवर ती रोज "बरी आहे" म्हणायची आणि हा मानायचा. त्यामुळे एप्रिलमध्ये टिलोच्या उजव्या डोळ्यावर चेंडू बसला आणि तो आठ दिवस "फाइन, फाइन" म्हणत राहिला, तेव्हा बाळकृष्णला ते पटलं नाही. त्यानं मुद्दाम पाण्याची बाटली उजव्या कडेला ठेवली. टिलोनं हात फिरवला आणि बाटली खाली पडली.

"किती दिसतं?"

"बाजूनं पडदा येतोय, बाला. रोज थोडा थोडा."

मस्कतच्या डॉक्टरनं ताबडतोब ऑपरेशन करायला सांगितलं होतं, आणि फुटबॉल बंद. क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला नाही तर टिलोचा करार आणखी वर्षभर वाढणार होता. चार मॅचेस उरल्या होत्या.

"आणि डोळा गेला तर?"

"अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. चार मॅचेस. कोचला सांगू नकोस."

सांगायला हवं होतं. बाळकृष्णला ते तेव्हाही कळत होतं. पण टेबलावर बसलेला तो सव्वासहा फुटांचा माणूस हात जोडत होता. ते जोडणंही इथेच शिकलेलं, बोटं वाकडीतिकडी.

मग दोघांनी एक शक्कल काढली. औषधांची बॅग घेऊन बाळकृष्ण गोलच्या मागे बसायचाच. तिथून त्यानं ओरडायचं. इंग्रजीत ओरडलं तर कोच ऐकणार, अरबीत ओरडलं तर सगळं मैदान. म्हणून मराठीत. टिलोनं दोन संध्याकाळी घोकून शब्द पाठ केले. उजव्यानं वर. उजव्यानं खाली. थांब.

पहिली मॅच बरोबरीत सुटली, दुसरी जिंकली. टिलो उजवीकडे असा झेपावला की लोक उठून उभे राहिले. क्लबचा स्टोअरकीपर महमूद दाभोळचा. त्याला सगळे शब्द कळत होते.

"काय रे बाळक्या, जर्मनाला गुहागरचा जावई करतोस काय?" तो हसला. मग हसू थांबलं. "त्याला त्या बाजूचं दिसत नाही. होय ना?"

बाळकृष्ण बॅगेची चेन लावत राहिला.

"कोचला सांग."

"दोनच राहिल्यात, महमूदभाय."

"एकोणीस वर्षांत तुला एवढा मूर्ख कधी बघितला नव्हता," महमूद म्हणाला. पण त्यानंही कोणाला सांगितलं नाही.

तिसरी हरली. चौथ्या मॅचला बरोबरी झाली तरी क्लब वाचणार होता. मॅच सुरू व्हायच्या आधीच समोरच्या टीमनं तक्रार केली की गोलच्या मागे एक माणूस बसून कीपरला शिकवतो. रेफ्रीनं बाळकृष्णला उठवलं.

"बेंचवर. यल्ला, चल."

"सर, मेडिकल बॅग..."

"बेंचवर."

बेंच मैदानाच्या मध्यावर होता. तिथून बाळकृष्णनं पहिल्या कॉर्नरला घसा फाडून आवाज दिला. ढोल वाजत होते, शेजारच्या कोचलासुद्धा तो ऐकू गेला नसेल. टिलो डावीकडे बघत उभा होता आणि चेंडू उजवीकडून आत गेला. विसाव्या मिनिटाला दुसरा तसाच. टिलो जागचा हललासुद्धा नाही. लोक शिव्या द्यायला लागले. त्यांना वाटलं, जर्मन विकला गेला.

ती शिवी ऐकल्यावर बाळकृष्णला राहवलं नाही. तो कोचकडे गेला.

"कोच, त्याला उजवीकडचं दिसत नाही. महिना झाला."

कोच त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं बदलीचा खेळाडू उभा केला. टिलो बाहेर आला तो बाळकृष्णच्या समोरून गेला, थांबला नाही. मॅच तीन-शून्य हरली. क्लब खाली गेला. कोणी काही वेळेवर सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे कोच दोनदा बोलला, आणि दोन्ही वेळा बाळकृष्णनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मस्कतच्या हॉस्पिटलात टिलोला आत नेलं. पडदा मधोमध आला होता. डॉक्टर म्हणाले, उजेड-अंधार कळेल एवढं वाचवता आलं तरी पुष्कळ. स्ट्रेचरवरून टिलोनं आपला फोन बाळकृष्णच्या हातात दिला. दोघांना गाडीतून महमूदनं आणलं होतं; फोन त्याला दिला असता, पण तो गाडी लावायला गेला होता.

अर्ध्या तासानं फोन वाजला. पडद्यावर एका म्हातारीचा फोटो आणि खाली इंग्रजी अक्षरांत "मामा", म्हणजे आई. जर्मनीतला नंबर. बाळकृष्णनं इकडेतिकडे पाहिलं. नर्सला दाखवला, तिनं खांदे उडवले. फोन बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा त्यानं तो उचलला.

म्हातारी भराभरा बोलायला लागली. दोन वेळा ती प्रश्न विचारून थांबली, हे त्याला सुरावरून कळलं. तो म्हणाला, "ऑपरेशन. ऑपरेशन." तिच्या भाषेतला दुसरा शब्द त्याला येत नव्हता. पलीकडे ती रडायला लागली. मग पुन्हा बोलायला लागली, आता सावकाश, जणू सावकाश बोललं की त्याला समजेल. बाळकृष्ण भिंतीला टेकून उभा राहिला आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.