पुढच्या रांगेतला हुंकार

झेलमाबाईंच्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये प्रवचन नुसतं सांगून भागत नसे, ते गावं लागे. पाळक एक ओळ आळवायचे आणि खालून लोक "होय रे देवा!", "सांगा, सांगा!" असा हुंकार भरायचे. गाणाऱ्याला हुंकाराविना सोडणं म्हणजे भरल्या नदीत त्याचा हात सोडणं, असं झेलमाबाई मानत. साऱ्या बाल्टिमोरात त्यांच्यासारखा हुंकार कुणाचा नव्हता. सगळे त्यांना मानानं 'मदर' म्हणत.

लहानग्या थेडियसला हे त्यांनीच शिकवलं. आई कामावर गेली की ते पोर त्यांच्या स्वयंपाकघरात मक्याचा पाव खात बसे. त्या भांडी घासताना गायच्या आणि ते तोंडातला घास सांभाळत हुंकार द्यायचं.

तोच थेडियस आता मोठ्या नाट्यगृहात वाद्यवृंद चालवत होता. एक जुनं गाजलेलं संगीत नाटक पुन्हा रंगमंचावर येत होतं. पहिल्या रांगेची तिकिटं द्यायला तो स्वतः घरी आला.

"त्या नाटकात गोरे तोंडाला काजळी फासून आपली टिंगल करायचे," झेलमाबाई म्हणाल्या. "माझी आजी त्याचं नावसुद्धा काढू द्यायची नाही."

"ते सगळं काढलंय, मदर. आणि मोलकरणीचं काम आपली इमानी करतेय. तिच्या प्रार्थनेच्या गाण्याला तुम्ही नसलात, तर पोरीला धीर कोण देणार?"

इमानी त्यांच्याच चर्चच्या गायनवृंदातली. मग काय! चर्चमधल्या साऱ्याजणी रविवारच्या पांढऱ्या टोप्या घालून नाटकाला निघाल्या.

इमानीनं पहिली ओळ उचलली तशा झेलमाबाई विरघळल्या. "सांभाळ तिला, प्रभू!" त्यांच्या तोंडून गेलं. मागे हशा पिकला. रंगमंचावर काही पडलं असेल, असं त्यांना वाटलं. पुढच्या ओळीला सगळ्याजणींनी साथ दिली, तर टाळ्याच पडल्या.

"माझी टोपी वाकडी झालीय का गं?" शेजारच्या ओपलीननं कुजबुजत विचारलं.

मध्यंतरात मोत्यांची माळ घातलेली एक गोरी बाई वाकून म्हणाली, "किती गोड काम करता तुम्ही! रोज असता का?"

"आम्ही नाटक बघायला आलोय, बाई."

"अगं बाई, मध्यंतरातसुद्धा भूमिका सोडत नाहीत!" ती हसत हसत गेली.

तेवढ्यात थेडियस आला, घामानं निथळलेला, खुशीत. "मदर, कमाल केलीत!"

"लोक हसतात का रे?"

"जुन्या नाटकात तिथे काजळी फासलेल्या बायका डोळे फिरवत हुंकार द्यायच्या. त्या काढल्या आणि प्रवेश पार थंड पडला. मी म्हटलं, आपल्या बायका मनापासून देतील. यात कसली टिंगल? पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या चर्चच्या बायका बोलावल्यात."

"म्हणजे हसणार हे तुला ठाऊक होतं."

थेडियसनं गळ्यातला बो टाय सारखा केला. "प्रेमानं हसतात ते, मदर."

तो गेल्यावर ओपलीननं पर्स उचलली. "चला घरी."

"पोरीचं शेवटचं गाणं राहिलंय," झेलमाबाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

इमानीनं ओळ संपवली. थेडियसनं हात वर धरून वाद्यं थांबवली. सारं नाट्यगृह हसायला टपलेलं. झेलमाबाईंच्या छातीत हुंकार दाटून आला. त्यांनी रुमालाचं टोक दातांखाली धरलं. त्यांच्याकडे बघून बाकीच्याही गप्प राहिल्या. इमानीची नजर पांढऱ्या टोप्या शोधत आली. झेलमाबाईंनी मांडीवरचा तळहात तेवढा तिच्यासाठी उघडला. पोरीचा सूर हलला, मग सावरला. दुसरी ओळ आली, आणि तीही तशीच रिकामी लोंबकळत राहिली.

थेडियसला ते सोसेना. त्या स्वयंपाकघरात जडलेली सवय ती!

"होय रे देवा," तो पुटपुटला.

शांततेत ते साऱ्यांना ऐकू गेलं आणि नाट्यगृह खो खो हसलं.

त्याचा वर धरलेला हात खाली आला. तो सावकाश वळला आणि लहानपणी बघायचा तसा पहिल्या रांगेकडे बघत राहिला. झेलमाबाईंनीही त्याच्याकडे पाहिलं. रुमालाचं टोक मात्र दातांखालून सोडलं नाही.