होडीवरचं नाव

साहेब, वीज कंपनीच्या ऑफिसात तुम्ही खोटं बोललात. आमची लाइन माझ्या गेममुळे कोलमडत नाही. मी मोजलंय. फोर-के रिझोल्यूशनवर गेम चालताना ग्राफिक्स कार्ड साडेतीनशे वॉट खातं, इस्त्रीच्या निम्मंही नाही. जेटीवर होड्या लागल्या की बर्फाचा कारखाना सुरू होतो, व्होल्टेज पडतं आणि माझा कॉम्प्युटर बंद.

माझा भाऊ सुदेश मस्कतला आहे. दर शुक्रवारी आम्ही गेममध्ये एकत्र होडी हाकतो. खरी होडी विकली, म्हणून त्याने या होडीवर आईचं नाव रंगवलंय. रिझोल्यूशन उतरवलं तर कार्ड कमी खातं, पण ते नाव वाचता येत नाही.

परवा पुन्हा स्क्रीन काळी झाली. लगेच त्याचा फोन, "अक्षदा, खंय गेलंस गो? माका एकट्याक दर्यात सोडून?"

शुक्रवारी तो पुन्हा विचारील. बोला, काय सांगू?